पाण्यात हायड्रोजनचे अणू दोनच, हे कुणी मोजलं?

नववीत शिकणाऱ्या एका वाचक मुलीने प्रश्न पाठवला आहे : ‘अणू दिसतच नाहीत, तर पाणी म्हणजे एचटूओ हे कसं कळलं? एचओ का नाही?’ प्रश्न दोन ओळींचा आहे. त्याचं उत्तर मिळवायला मात्र रसायनशास्त्राला अर्धशतक लागलं, आणि त्या काळात युरोपातले कितीतरी नामवंत रसायनशास्त्रज्ञ पाणी खरोखरच एचओ असं लिहीत होते. मोठ्या माणसांना हा प्रश्न विचारला, तर ‘सूक्ष्मदर्शकातून पाहिलं असेल’ असं उत्तर येतं. पण सुट्या अणूंच्या प्रतिमा दाखवणारी उपकरणं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. पाण्याचं सूत्र त्याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी पक्कं झालं होतं. त्यासाठी वापरलेली साधनं म्हणजे तराजू, काचेची भांडी आणि सहावीतल्या मुलाला येणारं गणित.

सुरुवात जॉन डाल्टनपासून करावी लागते. मँचेस्टरला शिकवण्या करून राहणाऱ्या या माणसाने १८०८ साली आपला अणुसिद्धान्त पुस्तकरूपाने मांडला. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू एकसारखे, त्यांचं वजन ठरलेलं, आणि संयुग म्हणजे या अणूंची ठरावीक संख्येतली जोडणी. इथवर सगळं नववीच्या पुस्तकात आहे. पुस्तकात सहसा नसते ती पुढची अडचण. पाण्यात एक ग्रॅम हायड्रोजनमागे आठ ग्रॅम ऑक्सिजन असतो. (डाल्टनच्या पुस्तकात हा आकडा सात आहे, त्याची मोजमापं तितकी काटेकोर नव्हती.) आता पाण्यात एकास एक अणू असतील, तर ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या आठपट जड. हायड्रोजनचे दोन असतील, तर सोळापट. ऑक्सिजनचे दोन असतील, तर फक्त चौपट. तराजू तिन्ही वेळा तेच सांगणार. सूत्र ठरवायचं तर अणूंची वजनं हवीत, आणि वजनं ठरवायची तर सूत्र हवं.

डाल्टनने हा तिढा एका गृहीतकाने सोडवला. दोन मूलद्रव्यांचं एकच संयुग माहीत असेल, तर ते एकास एक जोडणीचं मानायचं. हायड्रोजन पेरॉक्साइड १८१८ पर्यंत कुणाला माहीत नव्हतं, त्यामुळे हायड्रोजन-ऑक्सिजनचं पाणी हे एकच संयुग. म्हणून पाणी एचओ. अमोनियाही तसाच, नायट्रोजनचा एक आणि हायड्रोजनचा एक. यामागे कुठलाही प्रयोग नव्हता. निसर्ग साधेपणाने वागतो असा त्याचा विश्वास होता, एवढंच. ‘डाल्टनने अणू सिद्ध केले’ असं वाक्य जिथे दिसेल, तिथे हे आठवावं. त्याने अणूंना वजन दिलं ही फार मोठी गोष्ट आहे, पण ते वजन ठरवण्याची खात्रीची रीत त्याच्याकडे नव्हती.

त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबर १८०८ ला, पॅरिसमध्ये जोसेफ गे-ल्युसॅकने आपला निबंध वाचला. हा तोच गे-ल्युसॅक, जो चार वर्षांपूर्वी हायड्रोजनच्या फुग्यातून एकटा सुमारे सात हजार मीटर उंच गेला होता आणि वरच्या हवेचे नमुने घेऊन उतरला होता. त्याचं म्हणणं असं : वायूंची वजनं सोडा, आकारमानं बघा. दोन लिटर हायड्रोजन आणि एक लिटर ऑक्सिजन यांच्यापासून त्याच तापमानाला आणि दाबाला बरोबर दोन लिटर वाफ होते. सगळ्या वायूंची गुणोत्तरं अशीच साधी, पूर्णांकी निघतात.

डाल्टनला हे पटलं नाही. माझ्या प्रयोगात ऑक्सिजनच्या एका भागाला हायड्रोजनचे १.९७ भाग लागतात, असं त्याने छापलं. त्याचा विरोध हट्टाचा वाटतो, पण त्याचं तर्कशास्त्र पक्कं होतं. समान आकारमानात समान कण मानले, तर ऑक्सिजनच्या एका कणापासून पाण्याचे दोन कण व्हायला हवेत. दोघांतही ऑक्सिजन हवा. म्हणजे ऑक्सिजनच्या कणाचे दोन तुकडे झाले. जो तुटतो तो अणू कसला?

तूरिनच्या आमेदेओ अ‍ॅव्होगॅड्रोने १८११ मध्ये यातून वाट काढली. शिक्षणाने तो वकील, धर्मशास्त्रीय कायद्यातला पदवीधर. वायूच्या कणाला अणू समजू नका, असं त्याने सुचवलं. ऑक्सिजनचा कण म्हणजे दोन अणूंची जोडी, हायड्रोजनचाही तसाच. अभिक्रियेत जोडी फुटते, अणू फुटत नाही. समान तापमानाला आणि दाबाला समान आकारमानाच्या वायूंत रेणूंची, म्हणजे या कणांची, संख्या समान. एवढं मान्य केलं, की पाणी एचटूओ झालंच.

या ठिकाणी आपल्याकडे एक ठरलेली गोष्ट सांगतात : एकटा प्रतिभावंत आणि त्याच्याकडे पन्नास वर्षं पाठ फिरवणारं जग. ती मला अपुरी वाटते. अ‍ॅव्होगॅड्रोच्या निबंधात नवा प्रयोग नव्हता, शब्दयोजना किचकट होती, आणि त्याच्याविरुद्ध खरे आक्षेप होते. स्टॉकहोमच्या बर्झेलियसचा सिद्धान्त असा, की अणू एकमेकांना धरून राहतात ते विरुद्ध विद्युतभारांमुळे. मग ऑक्सिजनचे दोन अगदी सारखे अणू एकमेकांना का धरतील? याचं समाधानकारक उत्तर विसाव्या शतकापर्यंत कुणाकडेच नव्हतं. दुसरा आक्षेप प्रयोगातून आला. जाँ-बाप्तिस्त द्यूमाने १८२६ पासून पदार्थांची वाफ करून तिची घनता मोजायची सुंदर पद्धत बसवली. मूलद्रव्याचा रेणू दोन अणूंचाच असतो, असं धरून त्याने अणुभार काढले आणि ते इतर मार्गांनी काढलेल्या अणुभारांशी जुळेनात. पाऱ्याचा निम्मा आला, फॉस्फरसचा दुप्पट, गंधकाचा तिप्पट. द्यूमा इतका निराश झाला, की माझ्या हातात असतं तर अणू हा शब्दच या शास्त्रातून खोडला असता, अशा अर्थाचं तो व्याख्यानात बोलून गेला.

परिणाम असा झाला, की कुणी ऑक्सिजन ८ धरे, कुणी १६. कार्बन कुणाचा ६, कुणाचा १२. एकच संयुग दोन मासिकांत दोन सूत्रांनी छापलं जाई. जर्मन रसायनशास्त्रज्ञ केकुलेने १८६१ च्या आपल्या ग्रंथात अ‍ॅसिटिक आम्लाची, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाची, तोवर वापरात आलेली एकोणीस सूत्रं एकाखाली एक छापली आहेत. ती यादी बघितली, की शिकणाऱ्यांचे काय हाल होत असतील ते कळतं.

हे हाल एका शिक्षकाला सहन झाले नाहीत, आणि या गोष्टीतला माझा नायक तो आहे. स्टॅनिस्लाओ कॅनिझारो, १८२६ साली सिसिलीतल्या पालेर्मोत जन्मलेला. १८४८ च्या सिसिलीच्या उठावात तो तोफखान्यात अधिकारी होता. उठाव फसल्यावर पळून मार्सेय, तिथून पॅरिस, आणि पुढे परत इटलीत. १८५५ पासून तो जिनोआत प्राध्यापक होता. विद्यार्थ्यांना अणुभार शिकवायचे तर कुठले, हा त्याचा रोजचा प्रश्न होता. त्याने आपल्या व्याख्यानमालेची आखणी केली, पहिल्या तासाला काय, दुसऱ्या तासाला काय अशी, आणि १८५८ मध्ये ती एका प्राध्यापक मित्राला लिहिलेल्या पत्राच्या रूपात छापली. कसं शिकवावं याचं हे टिपण रसायनशास्त्रातला एक निर्णायक निबंध ठरलं.

त्याची रीत समजायला एक उदाहरण घेऊ. एकाच साच्यात काढलेले पेढे वेगवेगळ्या खोक्यांत भरून सीलबंद केले आहेत. खोकी उघडायची नाहीत, पण प्रत्येकात पेढ्यांचं वजन किती आहे ते कळतं. एकात १६ ग्रॅम, दुसऱ्यात ३२, तिसऱ्यात ४८, चौथ्यात पुन्हा १६. अशी पुष्कळ खोकी तपासली आणि ८ किंवा २४ कधीच आलं नाही. मग एक पेढा किती ग्रॅमचा, हे सांगायला खोकं उघडावं लागत नाही. आकड्यांचा मसावि काढायचा, म्हणजे महत्तम साधारण विभाजक.

कॅनिझारोने हेच केलं. अ‍ॅव्होगॅड्रोचा नियम खरा मानला, तर एखादी वाफ हायड्रोजनच्या कितीपट जड आहे यावरून तिच्या रेणूचं वजन मिळतं. हायड्रोजनच्या रेणूला त्याने २ धरलं. पाण्याची वाफ हायड्रोजनच्या नऊपट जड, म्हणून तिचा रेणू १८ चा. पृथक्करण सांगतं की त्यात ऑक्सिजन १६. कार्बन मोनॉक्साइड १४ पट, म्हणून २८, त्यात ऑक्सिजन १६. कार्बन डायॉक्साइड ४४, त्यात ३२. सल्फर डायॉक्साइड ६४, त्यात ३२. सल्फर ट्रायॉक्साइड ८०, त्यात ४८. खुद्द ऑक्सिजन वायू ३२. कुठेही ८ नाही, २४ नाही. ऑक्सिजनचा अणू १६ चा. हायड्रोजनचंही तसंच : हायड्रोजन क्लोराइडच्या रेणूत तो १, पाण्यात २, अमोनियात ३, मिथेनमध्ये ४. अणू १ चा. मग १८ च्या पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे अणू किती? दोन. वाचक मुलीच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

मला सगळ्यात जास्त आनंद देणारा भाग याच्या पुढचा आहे. ज्या मूलद्रव्याची स्वतःची वाफ मोजता येत नाही, त्यालाही ही रीत चालते. कार्बनची वाफ कोण करणार? पण कार्बनची पुष्कळ संयुगं उडून जाणारी आहेत, त्यांतल्या कार्बनचे आकडे १२, २४, ४८, ७२ असे येतात, म्हणून अणू १२ चा. आणि द्यूमाला अडवणारा पारा? कॅनिझारो म्हणाला, प्रत्येक मूलद्रव्याच्या रेणूत दोनच अणू असले पाहिजेत असं कुणी सांगितलं? अ‍ॅव्होगॅड्रोचा नियम रेणूंच्या संख्येबद्दल आहे. रेणूत अणू किती, हे प्रत्येकाला वेगळं विचारायचं. पाऱ्याच्या वाफेत रेणू एकाच अणूचा, फॉस्फरसचा चार अणूंचा. तीस वर्षांची अडगळ या एका प्रश्नाने दूर झाली.

सप्टेंबर १८६० मध्ये, ३ ते ५ तारखांना, जर्मनीतल्या कार्ल्सरूह गावी अणुभारांचा आणि सूत्रांचा हा गोंधळ मिटवण्यासाठी सव्वाशेच्या आसपास रसायनशास्त्रज्ञ जमले. रसायनशास्त्राची ती पहिली आंतरराष्ट्रीय परिषद. तिसऱ्या दिवशी कॅनिझारो बोलला, अध्यक्षस्थानी तोच द्यूमा होता. परिषदेत एकमत झालं नाही. परिषदेने प्रश्न सोडवला असं जे लिहिलं जातं, ते बरोबर नाही. काम झालं ते निरोपाच्या वेळी. कॅनिझारोचा सहकारी आंजेलो पावेझी याने त्या १८५८ च्या पत्राच्या प्रती वाटल्या. लोथार मायरने आपली प्रत घरी परतताना वाचली, पुन्हा वाचली, आणि डोळ्यांवरची पटलं गळून पडल्यासारखं वाटलं, असं त्याने पुढे लिहून ठेवलं. सव्वीस वर्षांचा मेंडेलीव्हही तिथे हजर होता.

या दोघांनी पुढच्या दहा वर्षांत आवर्तसारण्या रचल्या. जुने आकडे घेऊन ते जमलं असतं का? लिथियम ७, कार्बन ६, ऑक्सिजन ८ असे आकडे चढत्या क्रमाने लावून पाहा : कार्बन, लिथियम, ऑक्सिजन. सारणीची पहिलीच ओळ विस्कटते. आपल्या नियमाच्या वाटेवर कार्ल्सरूहचा वाटा मोठा होता, हे मेंडेलीव्हने स्वतः सांगितलं आहे.

शालेय पुस्तकांत डाल्टन आहे, मेंडेलीव्ह आहे, अ‍ॅव्होगॅड्रोच्या नावाचा अंक आहे, जरी तो अंक त्याला कधीच माहीत नव्हता आणि त्याचं नाव त्या अंकाला फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ ज्याँ पेरँने १९०९ मध्ये सुचवलं. कॅनिझारो भेटतो तो थेट बारावीत, अल्डिहाइडच्या एका अभिक्रियेपुरता. हे नाव नववीत आलं पाहिजे. पुस्तक बदलेल तेव्हा बदलेल. विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांना विनंती आहे, की रेणुसूत्रांचा धडा घेताना वरचे सहा-सात आकडे फळ्यावर लिहावेत, मुलांना मसावि काढायला सांगावा, आणि पाण्याचं सूत्र त्यांनाच शोधू द्यावं. अर्ध्या तासात होतं.