हलका पाय, जड गिअर : इंधनबचतीमागचे विज्ञान

‘गाडी ॲव्हरेज किती देते?’ हा प्रश्न मोटार घेताना हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर बरेचसे चालकाच्या उजव्या पायावर आणि गिअर बदलणाऱ्या डाव्या हातावर अवलंबून असते. ॲक्सिलरेटर जितका कमी दाबावा तितके पेट्रोल वाचते, हा रूढ समज मात्र अर्धाच खरा आहे.

पेट्रोल गाडीत ॲक्सिलरेटर दाबला, की हवेच्या वाटेवरील ‘थ्रॉटल’ नावाची झडप उघडते. आत येणाऱ्या हवेच्या प्रमाणात इंधन सोडले जाते. साधारणतः एक ग्रॅम पेट्रोलमागे १४.७ ग्रॅम हवा. झडप अर्धवट मिटलेली असेल, तर तिच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला, हवेचा दाब घटतो आणि दट्ट्याला जोर लावून हवा ओढावी लागते. नाक चिमटीत धरून श्वास घेण्यासारखाच हा प्रकार! त्यात खर्ची पडलेली ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचतच नाही. शिवाय इंजिन जितके वेगाने फिरते, तितकी घर्षणातील हानीही वाढते.

समजा, सपाट रस्त्यावर गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात आहे. तिसऱ्या आणि पाचव्या गिअरमध्ये लागणारी शक्ती जवळपास सारखीच. परंतु तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन भराभर फिरते आणि थ्रॉटल जेमतेम उघडा राहतो. पाचव्यात फेरे कमी होतात, प्रत्येक फेऱ्यावरील भार वाढतो आणि थ्रॉटल अधिक उघडतो. परिणामी तेच अंतर कमी पेट्रोलमध्ये कापले जाते.

याचा अर्थ ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबावा, असा नव्हे. पूर्ण जोर मागितला, की बहुतेक इंजिनांत अधिक शक्तीसाठी आणि उष्णता आटोक्यात ठेवण्यासाठी जादा इंधन सोडले जाते. तसेच गाडी हिसके देऊ लागली किंवा इंजिनातून ठकठक ऐकू आली, तर खालचा गिअर घेणेच श्रेयस्कर.

डिझेल इंजिनाची रीत निराळी. तेथे हवा सहसा अडवली जात नाही. शक्तीचे नियमन इंधनाच्या मात्रेवर होते. कमी भारावरही डिझेल गाडी काटकसरी ठरते, त्याचे हे एक प्रमुख कारण होय.

घाट उतरताना अनेकजण पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात. इंधन इंजेक्शन असलेल्या गाड्यांत हा हिशेबच चुकतो. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला, तर चाकेच इंजिन फिरवतात आणि इंधनपुरवठा बहुधा पूर्ण थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन सुरू ठेवण्यापुरते पेट्रोल जळतच राहते. त्याहून गंभीर बाब म्हणजे इंजिनाचा रोध नाहीसा होऊन सारा ताण ब्रेकवर येतो. ते तापून निकामी झाले, तर बचतीची किंमत जिवाने मोजावी लागते.

इंजिन कितीही कार्यक्षमतेने चालवले, तरी वेगाचा हिशेब चुकत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेग धरल्यास तो दीडपटीहून अधिक होतो. म्हणून निश्चयाने पण बेताने वेग घ्यावा, वरचा गिअर लवकर टाकावा आणि पुढील वाहतुकीचा अंदाज घेत वेग स्थिर राखावा. इंधन वाचते ते अशा समतोलातून.