बर्फाच्या मुलखाचा कारभारी

१२ ऑक्टोबर १९८३ रोजी टोकियोच्या न्यायालयाने जपानच्या एका माजी पंतप्रधानांना चार वर्षांची कैद आणि ५० कोटी येन दंड सुनावला. लॉकहीड या अमेरिकी कंपनीची विमानं जपानमध्ये खपावीत म्हणून त्यांनी पंतप्रधानपदावर असताना ५० कोटी येनची लाच घेतली, असा तो निकाल होता. त्यांनी अपील केलं, जामिनावर सुटले आणि १८ डिसेंबरला अपक्ष म्हणून निवडणुकीला उभे राहिले. मतं पडली दोन लाख वीस हजारांवर, त्यांच्या आयुष्यातली सर्वांत जास्त! पाच खासदार निवडून देणाऱ्या मतदारसंघातली जवळजवळ निम्मी मतं या एका माणसाने नेली.

काकुएई तनाका हे त्यांचं नाव, आणि नीगाता हा त्यांचा प्रांत. मतदार पैशाला भुलले असं म्हणून हा विषय संपवता येत नाही. नीगाताचा हिवाळा समजून घेतला, की या मतांचा उलगडा व्हायला लागतो.

हिवाळ्यात सैबेरियातून कोरडे, बोचरे वारे सुटतात. जपानचा समुद्र ओलांडताना ते पाण्याची वाफ पोटभर पितात आणि होन्शू बेटाच्या मधल्या डोंगररांगेवर येऊन आदळतात. सगळा ऐवज डोंगराच्या अलीकडे, नीगाताच्या बाजूलाच रिता होतो. महाबळेश्वरात पाऊस कोसळत असताना माण-खटाव कोरडं राहतं, तसाच हा प्रकार. फक्त जपानमध्ये डोंगरापलीकडच्या कोरड्या बाजूला राजधानी आहे. टोकियोत लख्ख ऊन असतं, तेव्हा नीगातात छपरावरचं बर्फ उपसलं नाही तर घर खचायची भीती असते. १९४५ च्या फेब्रुवारीत याच प्रांतातल्या ताकादा शहरात जमिनीवर ३७७ सेंटिमीटर बर्फ साचलं होतं. अशा वेळी माणसं वरच्या मजल्याच्या खिडकीतून ये-जा करतात. शेती बंद, रस्ते बंद. पूर्वी घरचे कर्ते पुरुष हिवाळाभर मजुरीसाठी परमुलखी जात. मागे राहायची म्हातारी माणसं, बायका आणि पोरं.

तनाकांच्याच मतदारसंघातल्या यामाकोशी भागात नाकायामा नावाचा एक बोगदा आहे. बर्फात खिंड बंद झाली की आजाऱ्याला डॉक्टरपर्यंत न्यायची सोय नसे, म्हणून १९३३ साली गावकऱ्यांनी स्वतःच कुदळी घेऊन डोंगर पोखरायला सुरुवात केली. मध्ये युद्धामुळे काम थांबलं, मग पुन्हा सुरू झालं आणि १९४९ साली बोगदा आरपार झाला. सुमारे ९०० मीटर लांब! एवढी वर्षं डोंगर खोदायची पाळी ज्या माणसांवर येते, त्यांना सरकार म्हणजे काय वाटत असेल?

तनाकांना ते आतून ठाऊक होतं. १९१८ साली फुतादा या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील गुराढोरांचे आणि घोड्यांचे व्यापारी, धंदा बुडालेला. आई शेतात राबून घर चालवायची. प्राथमिक शाळा संपवून पोरगा टोकियोला आला, दिवसा नोकरी करून रात्रशाळेत बांधकाम शिकला आणि पुढे स्वतः ठेकेदार झाला. १९४७ साली खासदार झाला. पुढच्याच वर्षी कोळसा खाणींच्या राष्ट्रीयीकरणाच्या लाच प्रकरणात अटक झाली, तेव्हा तुरुंगातूनच उमेदवारी जाहीर करून निवडणूक जिंकली. त्या खटल्यात पुढे ते निर्दोष सुटले. पुराणमतवादी पक्षाची सूत्रं तेव्हा टोकियो विद्यापीठातून आलेल्या माजी सनदी अधिकाऱ्यांकडे होती. किशी, सातो, फुकुदा हे नेते सगळे त्याच मुशीतले. त्यांच्यात हा घोगऱ्या आवाजाचा, पंखा हलवत गर्दीशी बोलणारा माणूस. मधल्या डोंगररांगेतल्या मिकुनी खिंडीचा डोंगर सुरुंगाने उडवून देऊ, म्हणजे ढग टोकियोकडे जातील आणि निघालेल्या मातीने समुद्र बुजवून नीगातासमोरचं सादो बेट जोडता येईल, असं ते सभांमध्ये सांगत. खेडूत पोट धरून हसत, पण आपलं दुखणं याला कळलंय हेही त्यांना पटे.

मला सर्वांत थक्क करते ती मात्र त्यांची कायद्यांवरची पकड. कायद्यांचे मसुदे अधिकारी लिहीत आणि खासदार हात वर करत, अशा संसदेत तनाकांनी स्वतः पुढाकार घेऊन ३३ कायदे केल्याचं सांगितलं जातं. त्यातला १९५३ चा कायदा तर दूरदृष्टीचा कळस आहे. पेट्रोलवरच्या कराचं उत्पन्न रस्त्यांसाठीच राखून ठेवायचं, अशी तरतूद त्याने केली. तेव्हा जपानमध्ये मोटारी होत्याच किती! पण जितक्या मोटारी वाढतील तितका पैसा, तितके रस्ते आणि पुन्हा तितक्याच मोटारी, असं हे स्वतःच्या जोरावर फिरणारं चक्र होतं. पुढे ते अर्थमंत्री असताना १९६३ चा प्रचंड हिमपात झाला आणि आपत्ती निवारणाचा कायदा बर्फालाही लागू करण्यात आला. पूर किंवा भूकंप जशी आपत्ती, तशी हीसुद्धा, हे सरकारी मदतीच्या हिशेबात प्रथमच मान्य झालं.

एत्सुझानकाई ही त्यांची समर्थक संघटना. गावोगावचे लोक तिच्यामार्फत मागण्या मांडत आणि बस भरभरून टोकियोत मेजिरोच्या त्यांच्या बंगल्यावर येत. तिथे सकाळी रांग लागे. होण्यासारखं काम असेल तर लगेच होकार, नसेल तर तोंडावर नकार. साठेक घरांच्या गावासाठीही बोगदा झाला. ठेकेदारांना कामं मिळत, ठेकेदार पैसा आणि मतं गोळा करून देत. हा भ्रष्टाचार होता आणि तो रस्ते झाले म्हणून धुऊन निघत नाही. पण गावकऱ्याच्या जागी उभं राहिलं, तर मत कुणाला द्यायचं याचं उत्तर मलाही दुसरं सुचत नाही.

१९७२ साली तनाका ५४ व्या वर्षी पंतप्रधान झाले. जपानी बेटांची फेरमांडणी कशी करावी हे सांगणारं त्यांचं पुस्तक त्याच वर्षी धडाक्यात खपलं. सप्टेंबरअखेर त्यांनी पेकिंगमध्ये चीनशी संबंध पूर्ववत केले. मग जमिनीचे भाव भडकले, १९७३ चं तेलसंकट आलं, महागाई हाताबाहेर गेली. तनाकांच्या संपत्तीचा माग काढणारा ताकाशी ताचिबाना या पत्रकाराचा लेख १९७४ मध्ये गाजला आणि डिसेंबरमध्ये ते पायउतार झाले. १९७६ साली अटक झाल्यावर त्यांनी पक्ष सोडला, तरी पंतप्रधान कोण होणार हे पुढची कित्येक वर्षं मेजिरोतच ठरत राहिलं. १९८५ साली पक्षाघाताने त्यांची वाचा गेली, तेव्हाच ती सत्ता सुटली. १९९३ मध्ये ते वारले. अपील तोवर निकाली निघालं नव्हतं.

१९८२ साली टोकियोजवळच्या ओमियापासून नीगातापर्यंत बुलेट ट्रेन सुरू झाली. तिच्यासाठी डोंगराच्या पोटातून २२ किलोमीटरचा बोगदा काढावा लागला. वाटेत भातखाचरांच्या मधोमध उरासा स्थानक आहे आणि बाहेर हात उंचावलेला तनाकांचा पुतळा. याच गाडीने प्रांतातली तरुण मुलं टोकियोला जाणंही सोपं झालं, आणि त्यातली बरीचशी परतली नाहीत. तनाकांच्या काळातली, एका मतदारसंघातून अनेक खासदार निवडण्याची पद्धत १९९४ च्या सुधारणेने गेली. एकाच पक्षाचे उमेदवार आपसांत कामं आणि पैसा यांच्या जोरावर लढत, त्याला या सुधारणेने आळा घातला. पेट्रोलच्या कराचं रस्त्यांशी बांधलेलं नातं मात्र २००९ पर्यंत टिकलं, तनाकांच्या मृत्यूनंतरही पंधराएक वर्षं.