गैरहजेरीचे पत्र

आपल्या मुलाचे शाळेचे किती दिवस बुडाले, हे पालकांना ठाऊक असतेच असे शाळा गृहीत धरते. पण एकदा ताप, एकदा पाहुणे, असे सुटे दिवस घरी कोण मोजतो? अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात टॉड रॉजर्स आणि अवी फेलर यांनी सुमारे २८ हजार कुटुंबांचा अभ्यास केला. तो २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. मुलाचे एकूण किती दिवस बुडाले, एवढा आकडा टपालाने घरी कळवल्यावर सतत गैरहजर राहणाऱ्या मुलांचे प्रमाण १० टक्के किंवा त्याहून अधिक घटले. इतर मुलांशी तुलना छापून मात्र वेगळा लाभ झाला नाही.

कॅलिफोर्नियात सबळ कारणाशिवाय तीन दिवस बुडाले की घरी कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यासाठीच्या पत्राचा जुना मसुदा कलमांनी आणि कारवाईच्या इशाऱ्यांनी भरलेला असे. तो सोपा, आपुलकीचा केल्यावर पुढच्या महिन्यातली गैरहजेरी रोखण्यात नवे पत्र अंदाजे ४० टक्के अधिक उपयोगी ठरले. मुलामागे फरक छोटाच. पण घरी तर कळवायचेच असते, शब्द बदलायला जादा खर्च येत नाही.

म्हणून पत्रात पहिल्याच ओळीत बुडालेले दिवस लिहावेत, घरी बोलतात ती भाषा वापरावी आणि वर्गशिक्षकांचा फोन नंबर द्यावा. कारणही जरूर विचारावे: आजारपण, लहान भावंडाची राखण की वर्गात कोणी त्रास देते? धाक दाखवला तर खरे कारण पालक सांगणार नाहीत.