भूतबाधेची परीक्षा आणि पाण्याचे दोन पेले

ख्रिस्ती धर्मात भूत काढण्याची परंपरा फार जुनी आहे. येशूने पछाडलेल्या माणसांतून भुते काढल्याच्या अनेक कथा बायबलच्या नव्या करारात आहेत. कॅथलिक पंथात यासाठी ठरलेल्या प्रार्थना असतात, पवित्र पाणी शिंपडतात, क्रूस समोर धरतात. पेंटेकोस्टल मंडळींत ठरावीक विधी नसतो. प्रार्थनेवर आणि डोक्यावर हात ठेवण्यावर भर असतो. इंग्लंडच्या चर्चने मात्र १६०४ सालीच आपल्या धर्मगुरूंना बिशपच्या लेखी परवानगीशिवाय भूत काढण्यास मनाई केली.

भुते असतात की नसतात, या वादात आम्ही येथे शिरणार नाही. समोरची व्यक्ती खरोखर पछाडलेली आहे का, हे ओळखायचे कसे, हा प्रश्न खुद्द चर्चपुढेही होता. त्याचे उत्तर शोधताना चारशे वर्षांपूर्वी एका बिशपने जी युक्ती वापरली, तिचेच सुधारलेले रूप आज नवे औषध तपासताना वापरले जाते. म्हणून ही हकीकत शिक्षकांना सांगावीशी वाटते.

मार्थ ब्रोसिएची गोष्ट

मार्थ ब्रोसिए ही फ्रान्समधील रोमोरांतँ गावची विशीतली मुलगी. तिला झटके येत, ती जमिनीवर लोळे, तिच्या तोंडून ‘भूत’ बोले. १५९८ च्या सुमारास वडील तिला गावोगाव घेऊन फिरू लागले आणि बघ्यांची गर्दी जमू लागली.

आंझे शहराचे बिशप शार्ल मिरों यांनी तिची परीक्षा घ्यायचे ठरवले. तिला न सांगता त्यांनी तिला पवित्र पाणी प्यायला दिले. काहीच झाले नाही. मग साधे पाणी ‘पवित्र पाणी’ म्हणून पुढे केले. तिला लगेच झटके आले! त्यानंतर बिशपांनी मोठ्याने भूत काढण्याचा ग्रंथ मागवला आणि त्यातून वाचत असल्याचे भासवून व्हर्जिल या रोमन कवीच्या लॅटिन महाकाव्यातील ओळ म्हटली. पुन्हा झटके आले. बिशपांनी तिला घरी परत जायला सांगितले.

पण प्रकरण तेथे थांबले नाही. १५९९ साली मार्थ पॅरिसला पोचली. आदल्याच वर्षी राजा चौथा हेन्री याने प्रॉटेस्टंटांना काही हक्क देणारा आदेश काढला होता आणि मार्थचे ‘भूत’ नेमके प्रॉटेस्टंटांविरुद्ध बोलत होते. दंगल उसळण्याची भीती होती. पॅरिसच्या बिशपांनी डॉक्टरांना बोलावले. भुताला सर्व भाषा येतात असा समज होता. पण ग्रीक आणि लॅटिनमध्ये विचारलेल्या प्रश्नांना तिला उत्तरे देता आली नाहीत. सुई टोचली तरी तिला वेदना होत नाहीत, म्हणून ती पछाडलेलीच आहे, असे काही डॉक्टरांचे मत पडले. मिशेल मारेस्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र यात भुताचा भाग काही नाही, सोंग बरेच आहे आणि आजार थोडा आहे, असा निष्कर्ष काढला. अखेर न्यायालयाने तिला गावी धाडले.

परीक्षेतून काय कळले?

बिशपांच्या युक्तीचे मर्म लक्षात घेऊ. पेल्यात काय आहे, ही एक गोष्ट. आणि पेल्यात काय आहे असे मार्थला वाटते, ही दुसरी. एरवी या दोन्ही गोष्टी एकत्रच येतात. बिशपांनी त्या वेगळ्या केल्या. झटके पाण्यामुळे नव्हे, तर ‘हे पवित्र पाणी आहे’ या समजुतीमुळे येत होते, हे त्यातून उघड झाले.

मात्र ती सोंग करत होती, हे यावरून सिद्ध होत नाही. मनापासून विश्वास असलेल्या माणसालाही केवळ समजुतीने खरेखुरे झटके येऊ शकतात. १७८४ साली फ्रान्समध्ये मेस्मरच्या ‘प्राणी-चुंबकत्वा’ची चौकशी झाली. फ्रँकलिन आणि लाव्हाझिए यांच्या समितीने एका मुलाचे डोळे बांधून त्याला झाडांजवळ नेले. ‘भारलेले’ झाड भलतेच होते; पोरगा दुसऱ्याच झाडापाशी बेशुद्ध पडला. समितीने याचे कारण कल्पनाशक्ती असे दिले. आज औषधाच्या चाचणीत खरी गोळी कोणाला मिळाली हे रोग्यापासून, आणि बहुधा डॉक्टरांपासूनही, लपवतात. तत्त्व तेच आहे.

तपासणी राहून गेली तर?

१६१४ च्या कॅथलिक विधिग्रंथातही, कोणी पछाडलेला आहे असे सहजी मानू नये, अशी सूचना आहे. तरीही १९७५-७६ मध्ये जर्मनीतील क्लिंगनबर्ग येथे फेफऱ्याचे निदान झालेल्या एका २३ वर्षांच्या विद्यार्थिनीवर बिशपच्या परवानगीने ६७ वेळा भूत काढण्याचा विधी झाला. तिने खाणे सोडले. १ जुलै १९७६ रोजी ती मरण पावली तेव्हा तिचे वजन सुमारे ३१ किलो होते. डॉक्टरांना वेळीच न बोलावल्याबद्दल १९७८ साली न्यायालयाने तिचे आईवडील आणि दोन धर्मगुरू यांना दोषी ठरवले. कॅथलिक चर्चचा सुधारित विधी १९९९ साली आला. त्यात गरजेप्रमाणे वैद्यक व मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यायला सांगितले आहे. महाराष्ट्रात तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण किंवा छळ करणे हा गुन्हाच ठरवला आहे, मग ते करणारा कोणत्याही धर्माचा असो.

वर्गात करून पाहा

‘माठातले पाणी चवीवरून ओळखतो’ असे म्हणणारा विद्यार्थी निवडा. माठातले आणि नळाचे पाणी सारख्याच गारव्याला आणा. एकाने नाणे उडवून, छाप की काटा यानुसार दहा पेले भरावेत, यादी करावी आणि वर्गाबाहेर जावे. कोणत्या पेल्यात काय आहे हे ठाऊक नसलेल्या दुसऱ्याने ते द्यावेत. नुसत्या अंदाजाने पाचेक उत्तरे बरोबर येतील. आठ किंवा अधिक उत्तरे निव्वळ नशिबाने बरोबर येण्याची शक्यता सुमारे साडेपाच टक्के. पेले देणाऱ्यालाही यादी का दाखवायची नाही, हे मुलांनाच शोधू द्या.

हा प्रयोग पाण्यावर करा, आजारी माणसावर नको. शाळेत एखाद्या मुलीला झटके येत असतील, तर तिला आधी डॉक्टरांकडे पोचवायला हवे. परीक्षा घेत बसायचे नाही.