झेड ड्राइव्ह मला दिसतो, मग सॉफ्टवेअरला का दिसत नाही?

सर्व्हरवर नवं सॉफ्टवेअर बसवताना इन्स्टॉलर विचारतो, प्रकल्पांच्या फाइली कुठे ठेवायच्या? बसवणाऱ्याच्या स्क्रीनवर नेटवर्कवरच्या फोल्डरला जोडलेला झेड ड्राइव्ह असतो. तो 'झेड'मधल्या 'प्रकल्प' फोल्डरचा पाथ टाइप करून पुढे जातो. इन्स्टॉलेशन पूर्ण होतं आणि पहिली फाइल सेव्ह करतानाच संदेश येतो, 'पाथ सापडला नाही'. मग केबल, स्विच, अँटिव्हायरस सगळ्यांवर संशय घेऊन होतो. मूळ बहुतेकदा एका समजुतीत असतं: मला दिसणारा ड्राइव्ह सगळ्यांनाच दिसतो.

विंडोजमध्ये अशा मॅप केलेल्या ड्राइव्हचं अक्षर संगणकाचं नसतं, त्या लॉग-इनचं असतं. सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर सहसा 'सर्व्हिस' म्हणून चालतं, कोणी लॉग-इन केलेलं असो वा नसो. तिचं सेशन वेगळं, म्हणून तुमचा झेड तिच्यासाठी नसतोच. एवढंच काय, तोच माणूस 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून इन्स्टॉलर उघडतो, तेव्हाही त्यात झेड अनेकदा दिसत नाही. त्यामुळे इथे पूर्ण नेटवर्क पाथच द्यावा: \\सर्व्हर\प्रकल्प.

पाथ दुरुस्त झाला की दुसरा समज आडवा येतो. 'मी ॲडमिन आहे, मी बसवलंय, मग परवानगीचा प्रश्न कुठे येतो?' पण फोल्डर तुम्ही उघडत नसता, सर्व्हिस उघडत असते, आणि ती कोणत्या खात्याने चालते यावर सगळं ठरतं. 'लोकल सिस्टम' हे खातं स्वतःच्या यंत्रावर जवळपास सर्वाधिकारी. नेटवर्कवर मात्र ते डोमेनमधल्या त्या संगणकाच्या खात्याच्या नावाने जातं, आणि त्या खात्याला फोल्डरवर हक्क दिलेला नसला तर दार बंद. 'लोकल सर्व्हिस' तर निनावीच जातं. सर्व्हिससाठी वेगळं खातं काढून फोल्डरवर त्यालाच हक्क देणं हा सरळ मार्ग. ॲडमिनचं रोजचं खातं तिथे वापरू नये. पासवर्ड बदलला की पुढच्या रिस्टार्टला सर्व्हिस सुरूच होत नाही. डोमेन असेल तर विंडोज सर्व्हर २००८ आर२ पासून अशी खातीही मिळतात, ज्यांचा पासवर्ड विंडोज स्वतःच ठरावीक काळाने बदलतं.

हे नीट केलं की नाही, याची चाचणी सोपी आहे. सर्व्हर रिस्टार्ट करा, त्यावर कोणीही लॉग-इन करू नका आणि दुसऱ्या संगणकावरून सॉफ्टवेअरमध्ये एक फाइल सेव्ह करून पाहा.

आता सगळ्यात घातक सल्ला: 'चालत नाही? एव्हरीवन, फुल कंट्रोल देऊन टाक.' शेअर केलेल्या फोल्डरला दोन दरवाजे असतात, शेअरची परवानगी आणि डिस्कवरच्या फाइल प्रणालीची, म्हणजे एनटीएफएसची परवानगी. नेटवर्कवरून येणाऱ्याला या दोन्हींतली कडक परवानगी लागू होते. नव्या शेअरवर 'एव्हरीवन'ला मुळात फक्त वाचण्याची मुभा असते, त्यामुळे एनटीएफएसमध्ये कितीही हक्क वाढवले तरी लिहिता येत नाही. वैतागलेला माणूस मग दोन्ही दरवाजे सताड उघडे टाकतो. शेअरवर बदल करण्याची मुभा ठेवून खरं नियंत्रण एनटीएफएसमध्ये, गटवार करावं. रोजच्या कामाला 'मॉडिफाय' पुरतं. 'फुल कंट्रोल'मध्ये परवानग्या बदलण्याचाही हक्क जातो.

यात कडकपणा हवाच असं माझं ठाम मत आहे, कारण एखाद्याच्या संगणकात रॅन्समवेअर शिरलं की त्या माणसाला जिथे लिहिता येतं ती प्रत्येक फाइल ते कुलूपबंद करू शकतं. जुना स्कॅनर फोल्डरपर्यंत पोहोचत नाही म्हणून एसएमबी या फाइल-शेअरिंगच्या प्रोटोकॉलची पहिली आवृत्ती चालू करणंही असंच महागात पडतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर याच आवृत्तीतल्या त्रुटीतून जगभर पसरलं. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. जूनमध्ये नॉटपेट्या या मालवेअरने तीच त्रुटी वापरली, शिवाय संगणकांतून चोरलेले पासवर्डही. त्यात न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं काम विस्कळीत झालं. स्कॅनरला नवं फर्मवेअर मिळत नसेल तर स्कॅनर बदलावा.

शेअरच्या नावाला शेवटी डॉलरचं चिन्ह लावलं की तो सुरक्षित होतो, हाही भ्रम. तो फक्त यादीत दिसत नाही. नाव माहीत असलेला आणि परवानगी असलेला कोणीही तो उघडतो.

आणि डेटाबेस? ड्रॉइंग, अहवाल, छायाचित्रं शेअरवर खुशाल ठेवावीत. डेटाबेसची फाइल मात्र सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर असू द्यावी. एकाच वेळी अनेकांनी लिहायचं तर फाइलचं लॉकिंग चोख लागतं, आणि नेटवर्क शेअरवर त्याची खात्री नसते. एसक्यूलाइट या डेटाबेसच्या अधिकृत माहितीतही याबद्दल सावध केलेलं आहे.