दुकानाचा कर व दुकानदाराचें मौन

मालमत्ता कराचें बिल हातीं पडलें म्हणजे मुंबईचा व्यापारी बहुधा एकच प्रश्न करतो : यंदा धंदा बसला, मग कर कां उतरला नाहीं ? गैरसमजाचें मूळ येथेंच आहे. हा कर नफ्यावर नाहीं. जागेच्या मोलावर आहे. गल्ला रिकामा राहिला म्हणून तो चुकत नाहीं.

तें मोल ठरवावें कसें, हा खरा वाद. जागा भाड्यानें दिल्यास वर्षाकाठीं वाजवीपणें जें भाडें येईल, त्यांतून दुरुस्तीबद्दल शेंकडा १० वजा करून कर आकारावा, अशी रीत १८८८ च्या मुंबईच्या महानगरपालिका कायद्यानें घालून दिली. परंतु १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें जुनीं भाडीं सप्टेंबर १९४० च्या पातळीस बांधून टाकलीं. आणि प्रमाण भाड्याहून अधिक भाडें करासाठीं धरतां येत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९७९ मध्यें दिल्लीच्या एका खटल्यांत दिला. परिणाम काय झाला ? भिंतीस भिंत लागून असलेल्या दोन दुकानांपैकीं जुन्या पागडीवाल्याचा कर नाममात्र, आणि नव्या करारानें आलेल्याचा त्याच्या कित्येक पट. दिवाबत्ती व झाडलोट मात्र दोघांस सारखीच ! यास न्याय म्हणण्यास आमची जीभ धजत नाहीं.

म्हणून २०१० पासून लागू झालेली भांडवली मूल्याची पद्धत आम्ही तत्त्वतः योग्यच मानतों. सरकारी रेडीरेकनरचा दर, क्षेत्रफळ, इमारतीचा प्रकार, तिचें वय व जागेचा वापर यांच्या गुणाकारानें मूल्य निघतें. दुकानाचा भार घराहून जड असतो. रोजगार हमी उपकर तर केवळ बिगरनिवासी जागांवरच आहे. पण गुणाकारांतील एक आंकडा चुकला कीं सारेंच चुकलें. माळ्याची वखार दुकान म्हणून नोंदली गेली, तर दुकानदार वर्षानुवर्षें भलताच कर भरीत बसतो. बिल बहुधा घरमालकाच्या नांवें निघतें, वाढ मात्र कायद्यानेंच भाडेकऱ्याच्या माथीं मारतां येते. त्यानें तें बिल कधीं पाहिलेलेंही नसतें!

आकारणीवर मुदतींत हरकत घेतां येते, पुढें लघुवाद न्यायालयांत अपीलही चालतें. मोकळ्या जमिनीवर पुढें होऊं शकणारें बांधकाम धरून मूल्य काढण्याचे नियम नोव्हेंबर २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयांत टिकले नाहींत, ते मालमत्ताधारक गप्प न बसल्यामुळेंच. आमच्या व्यापारी मंडळ्यांनीं आतां एवढी मागणी तरी लावून धरावी : गुणाकाराचा प्रत्येक आंकडा मराठींत छापून त्याची एक प्रत प्रत्यक्ष गादीवर बसणाऱ्याच्या हातीं द्यावी.