वाडी हवी, पण रानाच्या बदल्यात नको

पेठ-सुरगाण्याच्या उतारावर नुसती नागली-वरई घेतली की पावसासोबत माती दमणगंगा, पारच्या पात्रात जाते आणि दिवाळीनंतर माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला. बायफ या संस्थेने १९८२ साली गुजरातेतल्या वांसद्यात सुरू केलेली वाडी याच दुखण्यावरचा इलाज आहे: एकरभरात आंबा-काजूची कलमं, मध्ये नागली, बांधावर जंगली झाडं. कलमं फळायला चार-पाच वर्षं लागतात, तोवर खायचं काय, हा आक्षेप रास्तच. म्हणून तर आंतरपीक सोडायचं नाही. पण वाडी म्हणजे जंगल नव्हे. साग, ऐन, हिरड्याखालचा पालापाचोळा, वेली, रानभाज्या दोन-चार जातींच्या लागवडीतून उभ्या राहत नाहीत. तेव्हा वाडी उघड्या वरकस जमिनीवरच करा. उभं रान तोडून केलेली वाडी तोट्याचीच.